घासलेला तवा

ज्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी आमच्या घरात खायला दाणा नव्हता. कुठल्याशा परमुलखात लढाई जुंपली होती, म्हणून म्हणे विलायतेला आमचा कापूस हवा होता. मग काय, मी शहाण्याने सगळ्या काळ्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कापूसच, लावली, घरच्या ज्वारीचा तुकडादेखील सोडला नाही. कणगीतही कापूसच कोंबला.

त्यात बायको तापाने पडली. अकराव्या दिवशी ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. पेजसुद्धा उलटून पडे. वैद्य म्हणाले, "उद्यापर्यंत अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं, तर माझ्या हातात काही नाही." ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "धिरडं असतं तं खाल्लं असतं."

मी कणगीत हात घातला. हाताला कापूस लागला.

शेजारीही माझ्याइतकेच शहाणे. पहाटेच अमरावती गाठली, तर तिथेही विकत दाणा मिळेना. कापसाच्या बाजारात मुलखामुलखाची माणसं तीन दगडांच्या चुलीवर रांधत होती, आणि मी पाच बैलजोड्यांचा धनी, तव्यातव्यापाशी पदर पसरून उभा. मारवाडी पेढीचा स्वयंपाकी भिजवलेली मूगडाळ वाटून चिले, म्हणजे त्यांच्याकडची धिरडी, घालत होता. त्याने ओंजळभर डाळ दिली. तेलंगी गाडीवान तांदळाचं पातळ पीठ तव्याच्या कडेने ओतत आत आणायचा. त्याने ओंजळभर तांदूळ दिले. साहेबाचा खानसामा मैद्यात दूध आणि अंडी फेटत होता. अंड्याचं नाव काढलं असतं, तर बायको तशा दुखण्यातही मला मारायला उठली असती. त्याच्याकडून मी फक्त अक्कल घेतली: पीठ कालवलं की घटकाभर झाकून ठेवायचं.

घरी येऊन डाळ-तांदूळ भिजवले, पाट्यावर वाटले, मीठ घातलं, झाकून ठेवलं. ती घटका रिकामी होती. आजाऱ्याचं अन्न, तवा स्वच्छ हवा, म्हणून बिडाचा काळाकुट्ट तवा राखेने आणि वाळूने घासघासून चांदीसारखा केला.

पहिलं धिरडं तव्याला चिकटलं. दुसरं चिकटलं. चौथ्याला मी तव्याच्या पाया पडायचा बाकी होतो. भांड्याच्या तळाशी एक पळी पीठ उरलं, आणि मी तवा खरवडत राहिलो.

आतून आवाज आला, "तवा घासला काय तुमी?"

"हो."

"काहून? कोणं सांगतलं होतं? सात वर्षं लागले मले तेल पाजू पाजू तो तवा वळवाले!"

"आता काय करू?"

"रडून काय राहिले? जवसाचं तेल लावा. धूर निघू द्या. मंग पुसा, मंग पुन्हा लावा. अर्ध्या कांद्यानं."

तीनदा तेल जाळलं. डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. शेवटची पळी कडेने ओतली. हात लावला नाही. श्वासही घेतला नसावा. कड सुटली.

तिने तुकडा तुकडा करून खाल्लं. मी घमेलं धरून बसलो होतो. उलटी झाली नाही.

मग म्हणाली, "अजून हाये?"

पीठ संपलं होतं. मी चुलीपाशी गेलो, तव्यावरून खरवडून टाकलेली ती चार धिरड्यांची लक्तरं ताटलीत गोळा केली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"मीठ जास्त झालं," म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला.