इंजिनाच्या शेजारी रेडिओ

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात परभणीला स्टेशनजवळच्या मैदानात शेतीचं आणि यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि तिच्या मागे आमचं राहणं. माझे यजमान हैदराबादला एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकून आले होते. लग्नानंतर त्यांच्या शेजारी बसून तारा सोलणं, स्क्रू वाटीत वेगळे करून ठेवणं, एवढं मीही शिकले होते. नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून मी त्यांना ‘हे’ म्हणायची. इथेही तसंच म्हणते.

त्या वर्षी गावोगावच्या पंचायती चावडीत रेडिओ बसवायला निघाल्या होत्या. पंच मंडळी प्रदर्शनात येणार, आवाज ऐकणार आणि ज्याचा पटेल त्याच्याकडे मागणी नोंदवणार. दुरुस्तीवर आमचं कसंबसं भागत होतं. विक्री जमली तर दुकान उभं राहिलं असतं. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने यांच्या शब्दावर बॅटरीवर चालणारे दोन रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र पाठवलं होतं. खपलं नाही तर सगळं परत जाणार होतं, आणि पुन्हा त्याच्या दारात उभं राहायची सोय उरली नसती.

जागा मिळाली ती नेमकी ऑइल इंजिनवाल्याच्या शेजारी. त्याने एक इंजिन पंपाला जोडलं होतं आणि दुसरं पिठाच्या गिरणीला. दिवसभर दोन्ही चालू. त्यात मैदानाच्या टोकाच्या कर्ण्यावरून सूचना चाललेल्या, पलीकडे खेळण्यांच्या पिपाण्या. पहिल्या दिवशी आम्ही रेडिओ लावला तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावरच्या माणसालाही तो ऐकू येईना. यांनी आवाज वाढवला. वाढवला तसा तो फाटला. बोरीहून आलेले चार-पाच जण थोडा वेळ उभे राहिले, एकमेकांकडे बघून हसले आणि इंजिन बघायला गेले. इंजिन बघायला निदान ऐकावं लागत नव्हतं.

दुपारी प्रदर्शनाचे व्यवस्थापक येऊन म्हणाले, “तुमचा आवाज कमी करा. आमच्या सूचना लोकांना कळेनात.” हे हसले. मी हसले नाही. संध्याकाळी सामान झाकताना हे म्हणाले, “आता एकच उपाय. हेडफोन लावायचा. एकेकाला बसवून ऐकवायचं.”

यांच्याजवळ तीन हेडफोन होते. एक लष्करातून मोडीत निघालेला, हैदराबादच्या जुन्या बाजारात मिळालेला. कानावर कातड्याच्या जाड गाद्या, डोक्यावरून रुंद पट्टा, वजनाला चांगलाच. दुसरा टेलिफोनच्या कामातला, नुसत्या पत्र्याच्या पट्टीचा, हलका. तिसरा व्यापाऱ्याने रेडिओबरोबर पाठवलेला, नवा कोरा, चकचकीत. रेडिओला हेडफोन जोडायचा तर आत वेगळी जोडणी करावी लागे, आणि ती प्रत्येक हेडफोनला वेगळी. म्हणून एक नक्की करायचा आणि त्याचीच पक्की जोडणी करायची. दुसऱ्या दिवशी वालूरचे आणि चारठाण्याचे पंच येणार असं कानावर आलं होतं. चूक झाली असती तर ती सुधारायला वेळ नव्हता.

सकाळी गर्दी व्हायच्या आधी आम्ही मैदानात गेलो. इंजिनवाला हँडल मारतच होता. यांना तेच हवं होतं. निवड करायची ती त्या गोंगाटातच. तात्पुरत्या तारा लावून एका गौळणीची तबकडी सुरू केली. टेलिफोनचा हेडफोन मी आधी लावला. पत्रा माझ्या कानातल्या कुडीवर दाबला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. शिवाय इंजिन जसंच्या तसं ऐकू येत होतं. तो बाजूला ठेवला. नव्याचा आवाज गोड होता, पण त्यातही इंजिनाची धडधड गाण्याच्या वरच राहिली. मग यांनी लष्करी हेडफोन डोक्यावर चढवला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने उघडले.

“हाच,” हे म्हणाले. “बाहेरचं काहीसुद्धा येत नाही. तू बघ.”

माझ्या डोक्यावर पदर होता. पट्टा वरून घेतला असता तर पदर सरकला असता, म्हणून मी तो हनुवटीखालून घेतला आणि गाद्या हातांनी कानांवर धरल्या. खरंच इंजिन लांब कुठेतरी गेलं. गाणं अगदी जवळ आलं. पण गाणारी बाई सूर लांबवायला लागली की डाव्या कानात पत्र्यासारखी करकर उठायची.

“डाव्या बाजूला करकर येतीय,” मी म्हटलं.

“कुठं? दे इकडं.” यांनी तो परत लावला. तार असलेली बाजू मी घेतली होती तशीच डावीकडे, नेहमीसारखी. गाणं पुढे सरकलं. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“काही नाही. इंजिन आत शिरायलंय. तुला सवय नाही.”

“अहो, इंजिन नव्हे हे. सूर लांबला की येतंय. परत ऐका.”

“ऐकलं की.” आवाज चढला होता. “लोक यायची वेळ झाली. आता तू मला शिकवू नको.”

मी तबकडी परत सुरुवातीला नेली आणि हेडफोन स्वतःला लावला. करकर होतीच. त्या क्षणी मला वाद घालायचा नव्हता, फक्त त्यांनी तीच ओळ ऐकावी एवढंच मनात होतं. हे माझ्यासमोर उभे होते. मी माझ्या कानांवरचा हेडफोन काढला आणि तसाच सरळ त्यांच्या कानांवर धरला.

हे दचकले. मान मागे घेतली. “हे काय करकरायलंय एवढं?”

समोरासमोर उभं राहून दिल्यामुळे माझी डावी बाजू त्यांच्या उजव्या कानावर गेली होती. ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांना माझ्याआधीच कळलं असावं. त्यांनी हेडफोन हातात घेतला, तार कुठल्या बाजूला आहे ते बघितलं आणि तबकडीवरची सुई उचलून ठेवली.

दुकानात गिऱ्हाईक आलं की हे स्टूल नेहमी आपल्या उजव्या हाताला ओढायचे. स्वयंपाकघरातून मी हाक मारली की कधी ओ यायची, कधी यायची नाही. मी तो त्यांचा स्वभाव धरला होता. त्यावरून रुसलेही होते. ते सगळं इंजिनाच्या धुरात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांपुढून गेलं. रेडिओवाल्याला ऐकू येत नाही असं एकदा गावात झालं की कोण येणार आमच्याकडे?

“डावा?” मी विचारलं.

“हं.”

“कधीपासून?”

“आता नको,” हे म्हणाले. “लोक यायलेत.”

खरंच फाटकातून वालूरची मंडळी आत येत होती. सरपंच पुढे, उंच, पिकल्या मिशांचे, डोक्यावर पांढरा फेटा. मागे चार-पाच जण. ते आधी बियाण्यांकडे वळले. तेवढीच आम्हाला उसंत.

यांनी हेडफोनच्या डाव्या बाजूचं झाकण फिरवून काढलं. आत लोखंडाची पातळ चकती असते, ती कडेला सैल होऊन वाकडी बसली होती. यांनी ती फडक्याने पुसली, उलटी केली, सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाचं कडं कापून खाली बसवलं आणि झाकण थोडं आवळलं. मग सुई परत तबकडीवर ठेवली आणि हेडफोन माझ्यापुढे धरला. मी कानाला लावला.

“आता?”

“आहे अजून.”

झाकणाला अर्धा फेरा. “आता?”

“कमी झाली. पण आहे.”

कडं काढलं, दुहेरी केलं, परत बसवलं. मी डोळे मिटून तो लांबलेला सूर यायची वाट बघत राहिले. सूर आला आणि स्वच्छ निघून गेला.

“गेली,” मी म्हटलं.

पक्की जोडणी होते न होते तोच सरपंच समोर उभे राहिले. “काय हाय तुमच्याकडं?” यांनी खुर्ची पुढे केली, रेडिओबद्दल सांगितलं, बॅटरी किती चालते ते सांगितलं आणि हेडफोन पुढे धरला. सरपंचांनी त्या पट्ट्याकडे बघितलं, मग यांच्याकडे.

“म्हंजी फेटा उतरायचा?”

मागचा एक तरुण पंच खुदकन हसला. सरपंचांनी नुसतं वळून बघितलं, तो गप्प झाला. भोवती दहा-वीस माणसं जमली होती. मी हेडफोन हातात घेतला आणि मघासारखा हनुवटीखालून पट्टा घेऊन लावून दाखवला. “काका, असा घ्या. फेट्याला हात लावायचं काम नाही.”

त्यांनी तसाच घेतला. ऐकायला लागले. रेडिओवर हैदराबादहून भजन चाललं होतं. चेहरा दगडासारखा. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो फार वाटला. शेजारी गिरणीत कुणी जोंधळे ओतले, इंजिन दमून घरघरलं. सरपंचांनी काहीतरी विचारलं. ते यांच्या डाव्या हाताला बसले होते. हे दुसऱ्या पंचाशी बोलत होते, तसेच बोलत राहिले.

“अवो रेडिओवाले,” सरपंच मोठ्याने म्हणाले, “तुमाला इचारायलोय मी.”

सगळे यांच्याकडे बघायला लागले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण हे वळले, एक पाऊल सरकून उभे राहिले आणि म्हणाले, “काका, या बाजूनं बोला. तिकडच्या कानानं मला ऐकू येत नाही.”

मला वाटलं, संपलं.

सरपंचांनी हेडफोन कानावरून खाली घेतला. “मंग दुरुस्त केल्यालं बराबर झालं का न्हाई, हे तुमाला कसं उमगतं?”

“एका कानानं उमगतं. बारीकसारीक असलं तर हिला उमगतं. आत्ता तुमी यायच्या आधी यात करकर होती. हिनं ऐकली, मी काढली.”

सरपंच माझ्याकडे वळले. परक्या बाईशी भर मैदानात बोलायची त्यांना सवय नसावी, नजर माझ्या पायांपाशी होती. “बाई, आता हाय का काई त्यात?”

“नाही,” मी म्हटलं. “असती तर तुमच्या हातात दिला नसता.”

त्यांनी मान हलवली आणि हेडफोन मागच्या पंचाकडे दिला. तो तरुण पंच. त्याचं डोकं उघडंच होतं, पण त्यानेही पट्टा हनुवटीखालूनच घेतला.

वालूरच्या मंडळींनी त्या दिवशी मागणी नोंदवली. चारठाण्याचे पंच ऐकून गेले आणि त्यांनी रेडिओ दुसरीकडून घेतला. यांच्या ऐकण्याचं काही कानावर गेलं म्हणून की आणखी कशासाठी, ते आम्हाला कधी कळलं नाही. पण वालूरकरांचं बघून बोरीकडचे दोन-तीन जण परत आले, खुर्चीवर बसले, ऐकलं. प्रदर्शन उठेपर्यंत हैदराबादला परत पाठवायला दोनपैकी एकच रेडिओ उरला.

दिवेलागणीला सामान बांधताना यांनी आपणहून सांगितलं. उस्तादांकडे असताना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला होता, त्यातून उठल्यावर तो कान कमी होत गेला. उस्तादांना सांगितलं असतं तर काम सुटलं असतं. पुढे माझ्या वडिलांना सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं. “मग सांगायचं राहूनच गेलं,” हे म्हणाले. मला राग आला होता आणि तो काही दिवस राहिला. हे खोटं बोलले नव्हते, तरी माझ्यापासून लपवलं होतं. एकाच खोलीत राहून मला कळलं नाही, याचाही राग त्यात होता.

नंतर हैदराबादच्या एका डॉक्टरांनी कानात नळी घालून तपासलं आणि सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही, उरलेला कान सांभाळा. त्यानंतर दुकानात दुरुस्त झालेला प्रत्येक रेडिओ आधी मी ऐकायची. सुरुवातीला आळीत बोलणं झालं, की बायको दुकानात बसायलीय. पुढे लोक दारातूनच विचारायला लागले, बाईंनी ऐकलाय का हा. हे उजवा कान पुढे करून म्हणायचे, “ऐकलाय. घेऊन जा.”