जोडाखालचा फुटवा

सूर्यमाळच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर आमचा पाडा. मी जव्हारला शाळेत शिकवते आणि सुट्टी लागली की घरी जाते. पावसाळ्यात आमच्याकडे अंगणातून ओहोळ वाहतात आणि होळी सरली की प्यायला पाणी नसतं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, म्हणून मी सांगणं सोडून दिलंय.

अशा जागी आईने आंब्याची वाडी लावली. एका संस्थेची माणसं केसरची कलमं घेऊन आली, तेव्हा पाड्यातल्या बाप्यांनी "मानसाला पानी नाय, झाडाला कुठून?" म्हणून हात झटकले. बाबाही त्यांच्यातलेच. आईने मात्र संस्थेच्या माणसांनी शिकवलं ते सगळं मनावर घेतलं. माती वाहून जाऊ नये म्हणून उतारावर आडवे दगडी गडगे रचले. प्रत्येक कलमाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातली, म्हणजे पाणी झिरपत मुळाशी जावं. ओल टिकावी म्हणून वाडीभर पाल्याचा जाड थर दिला. उन्हाळ्यात झऱ्यातलं पाणी वाटीने खरवडून ती हंडा भरायची. आधी घराला, मग झाडांना. एकदा मी चिडून म्हणाले, "आम्हाला कधी एवढं जपलं नाहीस." ती म्हणाली, "तुमी रडून मांगत होतात. त्यांना तोंड हाय का?"

त्या पाल्यावरून घरात कायम धुसफूस. भात-नागलीचं रोप करायच्या जागेवर आम्ही पावसाआधी शेण, फांद्या, पाला पसरून जाळतो. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर खायचं काय? बाबांना पाला जाळायला हवा होता, आईला झाकायला. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांनी वाडीच्या खालच्या टोकाला, शेवटच्या दोन गडग्यांमधल्या मोकळ्या पट्टीत राब केला. खालच्या गडग्याने तिथे चांगली माती अडवली होती आणि बाबांना ती दिसली. आईने एवढंच सांगितलं, "वारा बघून पेटवा." त्यांनी बघितला. सकाळी पान हलत नव्हतं. त्यांनी वरच्या अंगाने आग लावली, म्हणजे ती सावकाश खाली उतरते. पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

अर्ध्यावर वारा फिरला. जळती पानं वरचा गडगा ओलांडून वाडीत पडली आणि आईने घातलेल्या पाल्यावरून आग या झाडाकडून त्या झाडाकडे गेली. आम्ही ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो. बाबा "पानी आना, पानी!" म्हणून ओरडत होते. झरा लांब, घरातला हंडा कधीच संपलेला. पाणी होतं ते पायाखाली, मडक्यांत. आईने एका मडक्याचा गळा दोन्ही हातांनी धरून ते उपटायला बघितलं, तर गळाच तुटून हातात आला. मग आम्ही दोघी मायलेकी गुडघ्यांवर बसून ओंजळीने पाणी काढत राहिलो. इतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळं आटोपलं.

आईने बाबांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान त्यांना उलट ओरडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ती उठून काळ्या खुंटांच्या मडक्यांत पाणी घालायला गेली. लोकांनी तिला वेड्यात काढलं. खरं सांगायचं तर मीही.

श्रावणात घरी गेले तर ती मला हाताला धरूनच वाडीत घेऊन गेली. बाबा मागोमाग. बहुतेक खुंटांना तांबूस, लुसलुशीत पालवी आली होती. "फुटली! माझी कलमं फुटली!" आई लहान मुलीसारखी नाचायची बाकी होती. मी खाली वाकले. कलम म्हणजे दोन झाडं: खाली रानातल्या आंब्याच्या कोयीचं रोप, वर केसरची काडी, आणि मधे जोडाची गाठ. गाठीच्या वर सगळं कोळसा होतं. पालवी गाठीच्या खालून आली होती. म्हणजे आता वाढेल ते रानातलंच झाड. केसर गेला होता.

मी वर बघितलं तर बाबांची नजर त्या गाठीवरच होती. त्यांनाही कळलं होतं. ते खाली बसले आणि हाताने माती ओढून गाठ झाकायला लागले. आई म्हणाली, "आता माती कशाला?"

"पावसानं मुळं उघडी पडली," ते म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे सरकले. मीही वाकून शेजारच्या गाठीवर माती ओढली.

आमच्या पाड्यात बाप्या माणूस पाणी वाहत नाही. या उन्हाळ्यात बाबा वाहतात, खांद्यावर हंडा घेऊन, लोक फिदीफिदी हसत असताना. आई सगळीकडे सांगत सुटलीय की झाडांनी तिचा नवरा सुधारला. पहिलं फळ धरेल तेव्हा तिला ते देवापुढे ठेवायचंय आणि मग माझ्या हाताने कापून सगळ्या पाड्याला फोडी वाटायच्यात. त्यासाठी मी रजा काढायची, असं तिने बजावून ठेवलंय. मी काढते म्हणालेय.