आपणहून टेकलेली पाठ

कुस्तीला हात मिळवण्याआधी तो मूठभर माती उचलून समोरच्याच्या खांद्याला लावायचा आणि हळूच म्हणायचा, "लागलं तर सांग गड्या." एवढ्या धिप्पाड पैलवानाच्या तोंडी हे ऐकून तुम्हालाही हसू आलं असतं. मला यायचं.

शेवगावात त्याचं कापूस पिंजायचं दुकान होतं. मिशांत कायम कापसाचे तंतू. एकदा घोडेगावचा एक गडी त्याच्या पकडीत "लागतंय, लागतंय" ओरडला, तर यानं खरंच सोडला. लोक चिडले. यानं आधी त्याचं मनगट चोळून दिलं, मग पुन्हा धरून चीत केलं. त्याची स्वतःची पाठ मातीला लागलेली मात्र जिल्ह्यात कुणी पाहिली नव्हती.

महारवाड्यातला एक तरुण त्याच्या तालमीत त्याच्या जोडीनं जोर काढायचा. स्वराज्य येणार, येणार असं सगळे बोलत होते, ते दिवस. आमच्या गावच्या यात्रेत त्या तरुणाची कुस्ती ठरली आणि पंचांनी त्याला आखाड्याच्या कडेवरूनच परत पाठवलं. "माती बाटंल," म्हणाले. मी तिथंच लंगोट कसून उभा होतो. शेवटची कुस्ती माझी आणि पिंजाऱ्याची होती. मी दंडाला माती चोळत राहिलो.

आमची नावं पुकारली. त्यानं माझ्या खांद्याला माती लावली, पण नेहमीचं वाक्य बोलला नाही. पंचांकडे वळून म्हणाला, "माझ्या जोडीदाराला ही माती न्हाई, तर मलाबी जीत नको." आणि आपणहून उताणा झोपला, दोन्ही खांदे टेकवून.

पंच घाईघाईनं माझ्या डोक्याला फेटा बांधू लागले. मला नको म्हणता आलं असतं. त्याच्या शेजारी आडवंही होता आलं असतं. हे तेव्हा सुचलं नाही असं सांगितलं तर खोटं ठरेल. सुचलं होतं. पण गावाचा फेटा होता, आणि मला तो हवा होता.

तो खालून माझ्याकडे बघत होता. "लागलं तर सांग गड्या," म्हणाला. आवाज नेहमीचाच, मऊ.

पुन्हा तो कुठल्या मैदानात उतरला नाही. शेवगावला गेलो की मी त्याच्या दुकानाचा रस्ता टाळायचो. इकडे गावात पाहुण्यांना माझी ओळख करून देत, "ह्यानंच त्याला पाडला." मी हात जोडायचो.

तो गेल्याचं कळलं, तेव्हा कब्रस्तानात गेलो. माझ्यापुढे त्याचा तो जोडीदार होता, आता केस पिकलेला. त्यानं मूठभर माती घातली. कुणी अडवलं नाही.

मग मी माती उचलली, वाकलो आणि म्हणालो, "लई लागलं हुतं, गड्या."