नानाची नक्कल

आता हसणारच तुम्ही, तर हसून घ्या! आयुष्यभर तुम्हाला दुसऱ्यांवर हसवलं, आज माझ्यावर हसा.

अमळनेरच्या आमच्या गल्लीत शेजारच्या नानाला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण महिना झाला तरी सांधे धरलेले. बिचारा पाय फाकवून बदकासारखा चाले. आणि मी? चहाच्या टपरीवर रोज त्याची नक्कल! कमरेला हात, "आई वं, मना गुडघा!" टपरी लोटपोट. नानाही हसायचा, कण्हत कण्हत.

एका सकाळी उठलो, तर पाय जमिनीवर टेकवेना! अंग तव्यासारखं तापलेलं. बायकोला म्हटलं, "अगं, दवाखान्यात ने."

ती भाकरी थापतच म्हणाली, "कमरेला हात लावायचा राहिला की हो!"

घरातच ही तऱ्हा! पण मीही हट्टी. म्हटलं, एकटा जाईन, पण जाईनच. टपरीपर्यंत वीस पावलं, मला चोपडा गावाइतकी लांब वाटली. पोचलो, तर टाळ्या!

"वा आबा! आज तर डोळ्यांत पाणी बी!"

रिक्षावाला म्हणाला, "आधी नाटक संपू द्या, मंग बसा." पोरांच्या शपथा घेतल्या, तर आणखी हसले. एकानं तर पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं!

तेवढ्यात बाकावरून नाना उठला अन् सगळ्यांवर ओरडला. "कसाले हसतस रे बठ्ठा? आबा, मूठ वळीसन दखाड."

वळेना.

"गिलास धर."

धरला. सुटला. फुटला.

"खरं शे," नाना म्हणाला. "याले इतकी चांगली नक्कल जन्मात जमाव नही!"

त्यानंच मला रिक्षात घातलं. दोन बदकं शेजारी शेजारी!

डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, आराम सांगितला. मी डासांपायी गल्लीतल्या गटारीच्या नावानं शंख करत होतो. ते म्हणाले, "आबा, हा डास दिवसा चावतो अन् साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आजाऱ्याला चावून तुम्हाला चावला, की झालं."

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या ताई घरोघर पाणी तपासत आल्या. नानाकडे काही नाही. मग आमच्या खिडकीतला कूलर उघडला, नानाच्या भिंतीला लागून, उन्हाळ्यापासून पाण्यानं भरलेला. आत अळ्यांची जत्रा!

नानानं आधी आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे आबा, नक्कल तं मीच करी ऱ्हायनू! अस्सल माल तुना घरना शे."

कूलर मी स्वतःच उपसला. मूठ वळत नव्हती, तरी दोन्ही हातांनी धरून, तांब्या तांब्यानं शेवटच्या थेंबापर्यंत. आता दर आठवड्याला घरातली पाणी साठवायची भांडी घासून कोरडी करतो.

अन् टपरीवर हल्ली नाना माझी नक्कल करतो. लोक म्हणतात, माझ्यापेक्षा बरी करतो.