खारफुटीचा हिरवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशांचा विभाग तळघरात होता. तिथल्या माणसाला आम्ही सगळे काका म्हणायचो. नाव कुणी विचारलंच नाही. नकाशा टेबलावर पसरला की ते समोर उभे राहायचे आणि कुणाचं बोट कागदाकडे गेलं की ओरडायचे, "बोट नाय लावायचं! घाम लागतो." स्वतः झाडूच्या काडीने दाखवायचे, तीही कागदाच्या वर धरून. मला त्यांचा रागच यायचा.

मी रोह्याचा, ते पेणच्या खाडीकाठचे. हे कळल्यावर माझे नकाशे आधी निघू लागले, पण बोलणं काही वाढलं नाही. एकदाच म्हणाले, "आमचा बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं, ते शिरलंच."

मी जुन्या नकाशावर उपग्रहाची नवी माहिती बसवत होतो. त्यांच्या गावाशी आलो. जुन्या कागदावर भातशेती होती, तिथे आता खारफुटी माजली होती.

"भातच ठेव ना," काका मागून म्हणाले. "एकदा कागदावर जंगल आलं, की त्याचं परत शेत होत नाय."

नकाशा माझ्या प्रबंधापुरताच होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"काका, उपग्रहाला दिसतं तेच भरावं लागतं."

खारफुटीचा हिरवा रंग भरून मी नकाशा छापून आणला. काकांनी काडी बाजूला ठेवली आणि अख्खा तळवा त्या हिरव्यावर टेकवला.

"बरा दिसतो," ते म्हणाले. "लांबून बघनाऱ्याला वाटंल, भातच हाय."