परतीची तार

भावोजी सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले आणि गेले. अँप्लिफायर टेबलावर होता. त्याची एक तार सुटी होती.

पूर्ण झालेल्या वस्तूचा एवढा धसका घेणारा दुसरा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत सापडणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत मीटर दुरुस्त करत आणि पेणच्या रामवाडीतल्या घरी येऊन स्वतःचा अँप्लिफायर बिघडवत. ‘बिघडवत’ हा ताईचा शब्द. ते ‘सुधारतो’ म्हणत. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, पत्रेवाल्याकडून वाकवून घेतलेला डबा, आणि समोरची फळी हमरापूरच्या मूर्तिकार मित्राने गणपतींच्या उरलेल्या रंगात रंगवलेली. त्यामुळे सगळं यंत्र पीतांबरासारखं पिवळं. नवखा पाहुणा आधी नकळत हात जोडायचा आणि मग विचारायचा, हे काय आहे? मग त्याची सुटका नसे. भावोजी त्याला परतीची तार समजावून सांगत. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडासा परत आत पाठवायचा, म्हणजे यंत्राला आपली चूक कळते. “पण थोडासाच हां,” ते बोट उंचावून म्हणत, “जास्त पाठवलात तर ते इतकं सुधारतं, की त्यात जीवच राहत नाय.” हा ‘थोडासा’ म्हणजे किती, या एका प्रश्नावर त्यांनी नोकरीनंतरचं सगळं आयुष्य घालवलं. त्या तारेत एक छोटा रेझिस्टर असतो. तो बदलला की प्रमाण बदलतं. ते तो रोज बदलत. शेवटी दर वेळी डबा उघडायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ती तार चिमटा लावून डब्याबाहेरच आणली.

एकदा ती उलट जोडली गेली. चूक सुधारण्याऐवजी यंत्र आपलीच चूक वाढवत सुटलं आणि असं किंचाळलं, की शेजारच्या मावशी हातात पातेलं घेऊन धावत आल्या. “काय ओ, हायवेला टँकर उलटला काय?”

“नाय मावशी, तार उलटी लागली,” भावोजी आनंदाने म्हणाले.

“मंग सुलटी लावा की! दूध उतू गेलं माझं.”

माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा भावोजी मांडववाल्याच्या कर्ण्यामागे उकिडवे बसले होते. फोटोत सगळे नातेवाईक आहेत; भावोजींची फक्त चप्पल आहे. मी रागावले, तर म्हणाले, “बाई, मंगलाष्टकं पत्र्यावर पडल्यासारखी ऐकू येत होती. मुलीचा संसार आहे, असं कसं चालेल?” मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला ते ‘बाई’च म्हणत.

तपासणीची त्यांची रीत ठरलेली होती. सनईची एकच तबकडी. ताई टेबलाकडे पाठ करून, जरा तिरकी, मोड आलेले वाल सोलत बसलेली. रेझिस्टर बदलून ते विचारत, “आता गो?” ताई म्हणे, “मघाचंच बरं होतं.” काहीही लावलं तरी मघाचंच बरं असे. एकदा मला बाजूला घेऊन त्यांनी आपली विद्या सांगितली. “बाई, तुमच्या ताईच्या तोंडावर जाऊ नका. ती कायम नावंच ठेवणार. हात बघा. सूर नीट लागला की तिचे हात थांबतात. तिला ठाऊक नाय ते.” घरात चांगलं मीटर होतं, पण त्यांचा भरवसा वालांवर.

ते गेल्यावर ताईने त्या यंत्रावर चादर टाकली. घरात रेडिओही लागेना. महिन्याच्या कार्यानंतर मी रोह्याहून राहायला गेले, तेव्हा ती म्हणाली, “एकदा नीट वाजला तर ठेवीन. नायतर भंगारवाल्याला देऊन टाकते. मला तो मुका बघवत नाय.”

बशीत दोन रेझिस्टर तसेच पडलेले होते. त्यांतला कुठला त्यांना पसंत होता, ते आता कोण सांगणार? दुपारी मी ताईपुढे वाल ठेवले, यंत्र बंद असताना एक रेझिस्टर चिमट्यात धरला, तीच तबकडी ठेवली, मग चालू केलं. व्हॉल्व्ह तापले, सनई आली. स्वच्छ, धुतलेली. ताई सोलतच राहिली. “बरंय,” म्हणाली, पाहुण्याने आणलेल्या मिठाईला म्हणावं तसं. दुसरा लावला. “हेही बरंय.” हात चालूच. तिने एकदाही नावं ठेवली नाहीत, याचीच मला धास्ती वाटली. मी थकले. रेझिस्टर काढून तार तशीच सुटी सोडली, म्हणजे परत काहीच जाणार नव्हतं, आणि शेवटचं म्हणून बटण दाबलं. सनई मोठी, जरा घोगरी आली. तिच्याखाली सारखी घरघर. मी बंद करायला हात पुढे केला.

ताईचे हात थांबले होते. अर्धा सोललेला वाल बोटांत तसाच.

“राहू दे,” ती म्हणाली. “कायपण बदलायचं झालं, की आधी ते असाच, तार सोडून लावायचे. म्हणायचे, पहिल्यांदा त्याचं त्याला बोलू दे.” मग माझ्याकडे न बघता, “माझ्या हातांकडं बघायचे ना? मला कळायचं.”

“तुला ठाऊक होतं?”

“मग! भात निवायला लागला, की मी हात थांबवायची. त्याशिवाय उठायचे कुठं जेवायला?”

आम्ही दोघी हसलो. मग ताईने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा वाल हातात घेतला. आज हात आपोआप थांबले की तिने थांबवले, हे मी विचारलं नाही.

यंत्र रामवाडीत ताईकडेच आहे. संध्याकाळी ती ते लावते. तार अजून सुटी आहे आणि सनईखाली घरघर येते.