पहिला बर्फ डब्याला

बोईसरच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथल्या बेसिनपाशी हेमांगी तामोरे सतरा वर्षं उभी आहे. उभी म्हणजे देहानं. मन कुठं असेल याचा भरवसा तिलाही नसतो. काचेच्या नळ्या विसळता विसळता ती पाण्याच्या धारेकडे बघत राहते, चेहऱ्यावर हलकं हसू येतं, आणि शेवटी भगवंतरावांना हाक मारावी लागते, "हेमांगी, टाकी रिकामी करूनच घरी जायचं ठरवलंस का?" मग ती दचकून नळ बंद करते.

असल्या माणसांना लोक वेंधळी म्हणतात. म्हणोत बापडे. हेमांगीच्या हातून सतरा वर्षांत दोन चंचुपात्रं फुटली, आणि त्यातलं एक मांजरानं पाडलं होतं.

भगवंतराव तिथले प्रयोगशाळा सहायक. मुलांचा तास सुरू होण्याआधी प्रयोग स्वतः करून बघायचा, आकडे वहीत लिहायचे, कपाटाची किल्ली कमरेला ठेवायची, हे त्यांचं काम. हेमांगी लॅब अटेंडंट, म्हणजे धुणं, पुसणं, मांडणं. माणूस वाईट नव्हता, पण पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "थर्मामीटर तू धू. वाचन मी घेतो." ती रीत पडली ती पडलीच. हेमांगी धुतलेला थर्मामीटर खिडकीपाशी उजेडात धरायची आणि वाचायची. जानेवारीत बावीस, मे महिन्यात चौतीस. ते आकडे मनात घेऊन ती आपल्या गावी, दांडीला, जाणाऱ्या रिक्षात बसायची. तिला कुणी कधी विचारलं नाही, किती आहे गं?

तिला एवढंच हवं होतं. वहीत एक आकडा तिच्या डोळ्यांनी वाचलेला असावा आणि पुढं तिची सही असावी. माणसाला काय काय हवंसं वाटेल सांगता येत नाही. कुणाला बंगला हवा असतो, हिला एक वाचन हवं होतं.

भगवंतराव जूनअखेर निवृत्त होणार होते. संस्थेनं सांगितलं, बारावी विज्ञान असेल तर ती जागा हेमांगीला, नाहीतर बाहेरचा माणूस. ती दहावीवर थांबलेली. थोरले दोघे भाऊ सातपाटीला जाऊन बोटींवर लागले, लग्न जमता जमता राहिलं, आणि दांडीच्या घरात ती आणि तिची आई हंसाबाय एवढ्याच उरल्या. एकेचाळिसाव्या वर्षी तिनं मुक्त विद्यालयाचे फॉर्म भरले होते. बाकी विषय सुटले. रसायनशास्त्रात मात्र ती दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा उष्णतेच्या गणितांनीच तिला बुडवलं. आता ही शेवटची खेप. एप्रिलची परीक्षा सुटली नाही तर जुलैपासून नव्या माणसाचे थर्मामीटर धुवायचे.

प्रतीक्षा मॅडम तिला साडेतीनला, कॉलेज सुटल्यावर शिकवायच्या. मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या. वडील वीज केंद्रात नोकरीला म्हणून वसाहतीत वाढलेल्या, हेमांगीपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्या तिला ताई म्हणत, ती त्यांना मॅडम.

"ताई, हे बघा. शंभर ग्रॅम पाणी, ऐंशी अंशाचं. शंभर ग्रॅम दुसरं, वीस अंशाचं. पात्रात मिसळलं. शेवटचं तापमान किती?"

हेमांगी पेन्सिल चावत खिडकीबाहेर बघू लागायची. गणितात पात्र आलं की तिला पात्रच दिसायचं. पितळी की जर्मनचं? काठाला पोचा आहे का? ऐंशीचं पाणी ओतल्यावर वाफ वर जाते, पात्राच्या अंगावर घाम येतो, कडा हळूहळू गरम होते, इतकी की धरलेलं बोट मागं घ्यावं लागतं. पाच मिनिटं अशी छान जायची. मग ती खाली मान घालून भराभरा लिहायची: अठ्ठेचाळीस.

"पन्नास हो, पन्नास!" मॅडम कपाळाला हात लावायच्या. "एकानं जेवढं दिलं तेवढं दुसऱ्यानं घेतलं. तीस खाली, तीस वर. हे दोन अंश जातात कुठं?"

"असंच," हेमांगी म्हणायची आणि लाजायची.

असं एकदा नव्हे, दर गणितात. तांब्याचा तुकडा पाण्यात टाका, बर्फ विरघळवा, आम्ल आणि आम्लारी मिसळा, हिच्या उत्तरातून थोडंसं कुठंतरी गळालेलं असायचं. मॅडमनी दोन वर्षांच्या वह्या पुढं घेतल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की ही चूक आंधळी नाही. दर वेळी थोडंसंच, दर वेळी एकाच बाजूला.

"ताई, खरं सांगा. कुणाला देता हे?"

"डब्याला," हेमांगी म्हणाली.

आता हे कळायला दांडीला जायला हवं, हंसाबायच्या ओट्यावर. चाळीस वर्षं तिनं मासळी विकली. ओट्यावर एक बिघडलेला फ्रिज आडवा टाकलेला होता, दार वर करून. त्याला घरात डबा म्हणत. पहाटे बोटी लागल्या की बाकीच्या बायका घाईनं मासळीचा थर, बर्फाचा थर लावून बाजाराला पळायच्या. हंसाबाय पळायची नाही. ती आधी रिकाम्या डब्यात पाटीभर बर्फ टाकायची, झाकण लावायची आणि चहा पीत बसायची. मग झालेलं पाणी ओतून द्यायची आणि तेव्हा कुठं मासळी भरायला घ्यायची.

लहानगी हेमांगी विचारायची, "आये, बरफ फुकट का घालवतेस?"

"फुकट कशाला? पयला बरफ डब्याला, मंग मच्छीला. डबा उपाशी ठेवलास तर तो मच्छीचा बरफ खाईल."

बोईसरच्या बाजारात दुपारी दोनला बाकीच्यांचे पापलेट डोळे मिटायचे, हंसाबायचे टक्क बघत असायचे. ही गोष्ट हेमांगीच्या हाताला कळलेली होती, डोक्याला नव्हे. म्हणून गणितात पात्र दिसलं की हात आधी पात्राला वाढायचा. किती वाढायचा, ते मात्र अंदाजपंचे.

हे सगळं ऐकून मॅडमनी पुस्तक उघडलं. मग त्यांनी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं: पात्राने शोषलेली उष्णता नगण्य मानावी. "तुमची आई चुकत नाही, ताई. पण पेपर तपासणाऱ्याला पन्नासच हवंय. डबा विसरा. माझ्यासाठी विसरा."

त्या संध्याकाळी हेमांगीनं आईला विचारलं. हंसाबाय आता बाजाराला जात नव्हती. चाळीस वर्षं बर्फात हात घालून तिच्या बोटांना गरम-गार कळेनासं झालं होतं. चहाचा कप तिच्या हातात देताना हेमांगीला तो आधी निववून द्यावा लागे.

"आये, पुस्तकात लिवलंय, डब्याचा धरू नको."

"नको धरू मंग." म्हातारी समुद्राकडे बघत म्हणाली. "पन मच्छीला समजेल."

एप्रिलच्या लेखी परीक्षेत गणित आलं, आणि हेमांगीनं पात्राकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं असं लिहिलं आणि पुस्तकातलं उत्तर आणलं. बाहेर आली तेव्हा तिला अगदी वाईट वाटत होतं. घरी कुणाला तरी जेवायला वाढायचं राहून गेल्यासारखं.

त्या वर्षी प्रात्यक्षिक लेखीनंतर ठेवलं होतं, पालघरच्या केंद्रावर. प्रयोग आला उदासिनीकरणाचा: आम्ल आणि आम्लारी तांब्याच्या पात्रात मिसळायचे, तापमान किती चढतं ते बघायचं आणि त्यावरून उष्णता काढायची. पुस्तकात उत्तर सत्तावन्न किलोज्यूल. प्रत्यक्षात येतं बावन्नच्या आसपास, आणि मुलं काय करतात ते प्रत्येक प्रयोगशाळेला ठाऊक आहे. शेजारच्या टेबलावरचा मेहुल नावाचा पोरगा कळवळून कुजबुजलाही, "काकी, सत्तावन्न पायजे. उत्तर आधी लिवा, मग उलटं मागं या."

हेमांगीनं प्रयोग केला. तापमान चढलं सहा अंश आणि वर दोन बारीक रेषा. हिशोब केला, बावन्न. ती पात्राकडे बघत राहिली. पात्र कोमट झालं होतं. तिनं त्याच्या पोटाला हात लावला आणि तिला हसू आलं. इथं तरी कुणी लिहिलेलं नव्हतं की हे नगण्य माना. आणि आता अंदाज करायची गरज नव्हती. आता तिच्या हातात थर्मामीटर होता.

ती बेसिनपाशी गेली. तिथं रखमाबाई नावाची अटेंडंट नळ्या धूत होती. हेमांगीनं तिच्याकडे गरम पाणी मागितलं, तिनं शेगडीवरचं दिलं. हेमांगीनं त्यात थर्मामीटर धरला आणि का कोण जाणे, तिच्याकडे वळवला. "किती हाय?"

"मला काय विचारता?" रखमाबाई ओले हात पदराला पुसत म्हणाली. मग डोळे बारीक करून वाकली. "ऐंशी."

"ऐंशी," हेमांगीनं लिहिलं.

पात्र विसळून त्यात गार करून वीसवर आणलेलं शंभर ग्रॅम पाणी घेतलं, त्यात तेवढंच ऐंशीचं ओतलं. पन्नास यायला हवं होतं, आलं साडेअठ्ठेचाळीस. तो दीड अंश पात्रानं खाल्ला होता. आज पहिल्यांदा डब्याचा वाटा नेमका किती ते तिला कळलं. त्यावरून पात्रानं घेतलेली उष्णता काढून ती तिनं बावन्नात मिळवली. उत्तर आलं सत्तावन्न आणि वर थोडं. ती इतकी खूश झाली की परीक्षा चालू आहे हेसुद्धा विसरली.

बाहेरून आलेले परीक्षक जाड चष्म्याचे आणि तोवर पुरते वैतागलेले. दहा वह्या पाहिल्या, दहांत सत्तावन्न. लाल पेन उघडंच होतं. हेमांगीच्या वहीवर ते टेकवत म्हणाले, "तुम्हीसुद्धा? इथं बावन्न दिसतंय, खाली सत्तावन्न केलंत. या वयात तरी खोटं करू नये, बाई."

हेमांगीनं वही हातानं दाबून धरली. ही वही कापली गेली की सतरा वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

"खोटं नाय केलं, सर. जोडलंय."

"काय जोडलंत?"

"डब्याचं."

मुलं फिसकन हसली. हेमांगीचा चेहरा लाल झाला, पण ती थांबली नाही. तिनं वहीचं मधलं पान पुढं केलं आणि सांगितलं, बर्फाच्या पाटीपासून ते साडेअठ्ठेचाळीसपर्यंत, जसं आलं तसं, तिच्या दांडीच्या बोलीत. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "परत करा. माझ्यासमोर."

तिनं परत केलं. आम्लारी ओतली, ढवळलं, आणि ते गृहस्थ पात्रावर वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी थर्मामीटर स्वतः वाचला, दोनदा.

"सहा पूर्णांक दोननं चढलं," ते म्हणाले. "तुमचं वाचन बरोबर आहे."

हेमांगीला पुढचं काही ऐकू आलं नाही. बेसिनपाशी रखमाबाईनं नळ बंद केला होता आणि ती टक लावून बघत होती.

जूनमध्ये निकाल लागला. लेखीत काठावर, प्रात्यक्षिकात भरभरून, एकूण पास. प्रतीक्षा मॅडमनी व्हरांड्यात सगळ्यांदेखत तिला मिठी मारली. निरोपाच्या दिवशी भगवंतरावांनी तिच्या हातात किल्ली दिली आणि मग खिशातून आपला जुना थर्मामीटर काढला, वापरून वापरून आकडे पुसट झालेला. "तुझी वाचनं मी कधी घेतली नाहीत," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "राहून गेलं खरं."

त्या दुपारी हेमांगी रिक्षातून उतरली ती थेट ओट्यावर. हंसाबाय आडव्या फ्रिजला टेकून बसली होती. फ्रिजमध्ये आता फक्त सुकी मासळी असते.

"आये, मूठ उघड."

थर्मामीटर मुठीत ठेवून तिनं आईची बोटं मिटली. पारा जरा चढला आणि तिथंच बसला.

"किती?" म्हातारीनं विचारलं.

"एकोणतीस. गार हाय तुजा हात." सतरा वर्षांत हा पहिला आकडा कुणीतरी तिला विचारला होता. हेमांगीनं दोन्ही तळवे आईच्या मुठीभोवती घट्ट धरले. खाडीवरून वारा येत होता, दूर कुणीतरी जाळं झटकत होतं, आणि ती नेहमीसारखी कुठंतरी हरवून गेली. चाळीस वर्षं या हातांनी किती बर्फ झेलला, त्याचं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"आता?"

"तीस. एकतीस होतंय."

हंसाबायला हाताला काही कळत नव्हतं. पण चाळीस वर्षं डबा भरलेली बाई ती, तिनं बरोबर विचारलं, "आणि तुजा किती गेला?"

हेमांगीचे डोळे भरून आले. तिनं तळवे अजून घट्ट मिटले.

"तो नाय धरायचा, आये," ती म्हणाली.